गाईला विचारून घेतलेला टायर

मी जनावरांची डॉक्टर आहे. जुन्नरच्या पश्चिमेकडची गावं आणि अधूनमधून आंबेगावातल्या, डिंभे धरणाच्या मागच्या वाड्या, एवढा माझा मुलूख. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट नीट कळली आहे. डांबरी रस्त्याकडेच्या गाई दिवसाउजेडी, गेटाशेजारी, सावलीत आजारी पडतात. अडलेली गाय मात्र डांबर संपल्यावरच असते. म्हणून स्कूटर विकून मी ही उंच मोटरसायकल घेतली. सडकेवर पळणारी, ओढ्यातही उतरणारी, तारेच्या आऱ्यांची चाकं असलेली. पुढचं चाक मोठं, मागचं लहान. उभी केली की शेजारची मुलं विचारायची, "काकू, ही गाडी पुढून वाढली का?"

तिचा मागचा टायर गुळगुळीत झाल्याचं माझ्याआधी मामांच्या लक्षात आलं. मामा म्हणजे माझे सासरे. एस्टीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही अंगणात गाडी थांबली की त्यांची नजर आधी चाकांवर जाते. पाहुणा रामराम म्हणतो आणि मामा म्हणतात, "डाव्या अंगाला हवा कमी हाय."

"टायर गेला तुझा," मामा म्हणाले.

"अजून महिनाभर चालेल, मामा."

"चालंल. पर तुला घिऊन चालंल का, त्ये सांगता येत न्हाई."

त्याच आठवड्यात मढच्या पुढे एका वाडीच्या चढावर, लाल चिखलात, गाडी माझ्याखालून सरकली. गाडी आडवी झाली आणि मी मात्र दोन पायांवर उभीच राहिले, हातात काहीच नसताना हँडल धरल्यासारखे हात करून. बांधावर बसलेल्या एका आजीबाईंनी हे पाहिलं आणि मोठ्या मायेनं विचारलं, "गाडी शिकताय व्हय?" घरी आल्यावर चिखलाची गाडी बघून मामा एवढंच म्हणाले, "आता तुमी डाक्टर, तुमाला काय सांगायचं." एरवी ते मला अगंतुगं करतात. 'तुमी' झालं की समजायचं, पारा चढलाय.

मग टायर कुठला घ्यायचा यावर घरात चर्चा सुरू झाली. मी मोबाईलवर बरंच वाचून ठेवलं होतं. अशा गाडीला साधारण दोन जातींचे टायर मिळतात. एकाला मोठमोठे चौकोनी ठोकळे असतात. तो चिखलात घोरपडीसारखा चिकटतो, पण डांबरावर लवकर झिजतो. त्याला आपल्याकडे बटणाचा टायर म्हणतात. दुसरा मधला. ठोकळे बुटके, जवळजवळ, दोन्हीकडे बऱ्यापैकी चालणारा. माझं फिरणं जास्त डांबरावर, म्हणून मला मधला हवा होता. मामांना बटणाचा. माझा नवरा चाकणच्या कंपनीत कामाला आहे, सुट्टीला घरी येतो. त्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघं ठरवा ना." ह्या माणसाचा संसार सुखाचा का चाललाय, ते मला तेव्हा कळलं.

मी आणि मामा आळेफाट्याला गेलो. तिथले टायरचे दुकानदार मूळचे राजस्थानातले जैन, पण आजोबांच्या काळापासून इथलेच. त्यांचं मराठी आमच्या घरातल्यापेक्षा शुद्ध आहे. त्यांनी चहा सांगितला आणि दोन्ही जातींचे टायर समोर मांडले.

मी मधल्या टायरकडे हात केला. मामांनी मात्र बटणाचा टायर उचलून मांडीवर घेतला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, साडी घेताना जशा पदर, काठ, मागची बाजू, सगळं बघतात, तसं त्यांनी चालवलं. ठोकळ्यात अंगठा रुतवून बघितला. कड दाबली. वास घेतला. मग दुकानदारांना म्हणाले, "शेठ, उजेडात घ्या जरा."

दुकानदारांनी टायर उजेडात धरला.

"मामा," मी म्हटलं, "आपल्याला रोज डांबरावरनंच जायचंय."

मामा टायरवरून हात फिरवतच बोलले. "डेपोनं दिला त्यो टायर आमी आख्खी नोकरी चालवला. घासल्याला, वरनं पुन्ना रबर चढवल्याला. घाटघरच्या गाडीवर व्हतो तवा पावसात एकेक वळण देवाचं नाव घिऊन काढलं. पर येकदा बी कुणी इचारलं न्हाई, का बाबा, तुला कोणता पायजे."

दुकानदारांनी चष्मा पुसला. मी म्हटलं, "बटणाचेच द्या. पुढचा आणि मागचा, दोन्ही."

पण ट्यूबच्या बाबतीत मी हटले नाही. आऱ्यांच्या चाकाला ट्यूब लागतेच. मामांनी दोन्ही चाकांसाठी जाड ट्यूब निवडल्या, एवढ्या जाड की त्यांची मोट शिवून विहिरीचं पाणी काढता आलं असतं. तेही मी मान्य केलं. मग मी सोबत ठेवायला एक जादा ट्यूब मागितली, पुढच्या चाकाची, साधी.

"आन मागचं पंचर झालं तर?" मामा.

"हीच मागे घालायची. मोठ्या चाकाची ट्यूब लहान चाकात जरा दुमडून बसते, घरी येण्यापुरती चालते. उलटं केलं तर ताणून फाटते. म्हणून एकच न्यायची."

"एकवीस इंची ट्यूब अठराच्या चाकात?" मामांनी दुकानदारांकडे बघितलं. "मंग मी उद्यापास्नं पोराची प्यांट घालतो. दुमडून."

"दोघांचंही बरोबर आहे," दुकानदार म्हणाले. त्यांचा धंदा एवढा चांगला का चालतो, तेही मला तेव्हा कळलं.

टायर बसवून आम्ही निघालो. हायवेला लागलो आणि गाडीनं आवाज धरला. इंजिनाचा नाही, खालून, रबराचा. घूंऽऽऽ असा, भुंगा पिंपात अडकावा तसा. वेग वाढवला की सूर चढायचा, कमी केला की उतरायचा. मला वाटलं काही बिघडलं. मागून मामा ओरडले, "थांबू नकोस! बटणाचा आवाज हाय! आपली गाडी घाट चढाय लागली का अशीच घुमायची!" नारायणगावपर्यंत ते मागे बसून कोणत्या वळणावर गिअर टाकायचा ते सांगत होते, आणि खुशीत होते.

चिखलात मात्र टायरनं कमाल केली. ज्या चढावर मी हवेत हँडल धरून उभी राहिले होते तो चढ गाडी मला घेऊन सहज चढली. मीही खूश होते. साधारण महिनाभर.

मग एका सकाळी मढकडच्या एका गावात शिरताना पुढच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून उसात पळाली. म्हटलं, असेल काही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी कालवड उधळली. तिसऱ्या ठिकाणी तर गाडी अजून धरणाच्या कडेच्या रस्त्याला होती तेव्हाच मालकिणीनं मला फोन केला. "मॅडम, तुमी येताय न्हवं? गाईनं कान टवकारलेत."

झालं असं होतं. मोटरसायकली गावात पन्नास येतात, जनावरं त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पण घूंऽऽ करत येणारी गाडी एकच, आणि ती आली की मानेत सुई बसते, ही गोष्ट सगळ्या गोठ्यांना कळली होती. लाळ्या-खुरकुताच्या लसीचे दिवस होते. मी त्या महिन्यात एवढ्या सुया टोचल्या होत्या की मी गाय असते तर मीही पळाले असते.

एका संध्याकाळी चार माणसं घरी आली. पुढे दूध गोळा करणाऱ्या केंद्राचा माणूस. आत्यांनी चहा दिला. बराच वेळ पावसाची, टोमॅटोची बोलणी झाली. मग तो माणूस कप खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पर तुमी धारेच्या वक्ताला गावावरनं जाता."

"मग?"

"तुमच्या टायरचा आवाज आला का गाया पान्हा चोरत्यात. खालच्या आळीत सकाळचं दूध निम्म्यावर आलंय."

मी डॉक्टर. घाबरलेली गाय दूध आवरून धरते हे मी स्वतः लोकांना शिकवते. मी मान डोलावली. पण मामा पुढे सरकले.

"मंग काय करावं म्हनता?"

"टायर तेवढा बदलला तर..."

"म्हंजे आता गाईला इचारून टायर घ्यायचा का?"

"तसं न्हाई, पावणं..."

"आवो, तुमच्या गायांना सांगा! डाक्टर जिवावर उदार हून येती म्हनावं! बिनआवाजाच्या टायरवर पडली म्हंजे मग कोण टोचणार?"

"त्येच तर गायांला पायजे," त्यातला एकजण म्हणाला, आणि मामा सोडून सगळे हसले. मीसुद्धा. मामा रात्री जेवताना माझ्याशी 'तुमी'वर होते.

मी मधला मार्ग काढला. गावाबाहेर गाडी लावून चालत जायला लागले. पण औषधांची पेटी आणि कृत्रिम रेतनाचं नायट्रोजनचं भांडं घेऊन चालणं म्हणजे लग्नाला निघालेल्या वऱ्हाडासारखं. मग कुठेतरी वाचलं की हवा कमी केली की आवाज कमी होतो. दोन्ही टायरची हवा चांगली उतरवली. आवाज खरंच खाली आला. मामा चाकाकडे बघून म्हणाले, "मऊ झालाय."

"आवाज कमी होतोय, मामा."

"दगडावर जाऊ नको मंग."

पण दोन दिवसांनी घाटघरहून फोन आला. एकाची डांगी जातीची गाय अडली होती, सकाळपासून कळा देत होती आणि वासरू येत नव्हतं. मामांचा जुना रूट. ते आधीच चपला घालून तयार. "मी येतो. तुला वाट म्हाईत न्हाई." वाट एकच आहे आणि मी तिच्यावरून दर पंधरवड्याला जाते. पण मी त्यांना मागे बसवलं.

चावंड मागे टाकल्यावर रस्त्याचं काम चालू होतं. खडी पसरलेली. तिथे एका टोकदार दगडावर मागचं चाक आपटलं आणि गाडी डुलायला लागली. उतरून बघितलं तर टायर भाकरीसारखा बसलेला. हवा कमी, दोघांचं वजन, वर दगड. रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटली होती. ती मोटेएवढी जाड ट्यूब, तिलाही शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी.

मामांनी नुसतं टायरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

गाडी मधल्या स्टँडवर चढवायची सोय नाही, म्हणून एक दगड खाली देऊन ती तिरकी केली. चाक काढलं. टायर सोडवायला दोन लोखंडी पट्ट्या सोबत होत्या. बटणाचा टायर कडेला एवढा कडक की पट्टी घालून मी तिच्यावर उभी राहिले तरी तो हलेना. मामांनी दोन्ही पाय टायरवर ठेवून लेझीम खेळल्यासारख्या उड्या मारल्या. तेव्हा कुठे एक बाजू सुटली. जाड ट्यूब ओढून काढली. पिशवीतून ती साधी, पुढच्या चाकाची ट्यूब बाहेर आली. मामांनी ती हातात घेऊन लांबी बघितली.

"प्यांट," ते म्हणाले.

"दुमडून," मी म्हटलं.

ती आत घातली, थोडी हवा भरली, सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. आता टायरची कड परत रिमवर चढवायची होती. अर्धी चढली आणि शेवटची वीतभर काही केल्या जाईना. साबणाचं पाणी लावलं असतं तर सरकली असती. साबण नव्हता. पाण्याची बाटली मामांनी चावंडलाच पिऊन संपवली होती. आणि इकडे फोन वाजत होता. गाईचा मालक. "मॅडम, कुठवर आलात?"

मामांची नजर माझ्या पेटीवर गेली. "त्ये काय असतं तुझ्याकडं, गाय अडल्यावर हाताला लावायचं? बुळबुळीत?"

"मामा, ते बाळंतपणाचं औषध आहे."

"मंग ह्ये काय चाललंय?" त्यांनी टायरकडे बोट दाखवलं.

मी बाटली दिली. मामांनी हात सैल सोडून ते सगळ्या कडेला चोपडलं. मी पट्टी लावली, ते गुडघ्यानं दाबत सांगू लागले. "घाई करू नको. जरा थांब. आता आला बघ, आता ओढ!" आणि ती कड पट्कन आत गेली. हुबेहूब वासराचं डोकं सुटतं तशी. आम्ही दोघं रस्त्यात बसून हसत सुटलो. खडी टाकणाऱ्या बाया फावडी टेकवून आमच्याकडे बघत होत्या.

पंपानं हवा भरली. मामा शेजारी उभे राहून म्हणत राहिले, "आजून मार. आजून." मी चांगली टणक भरली. आता टायर परत पूर्वीसारखा घुमायला लागला. घाटघरजवळचा शेवटचा डांबराचा तुकडा आम्ही त्या आवाजातच काढला.

गोठ्यापाशी पोचलो तर मालक दारात उभा होता आणि त्याच्या तोंडावर आश्चर्य. "आवो, सकाळपास्नं खाली बसल्याली. शेपटी पिरगाळली, पाणी मारलं, उठना. आन आत्ता तुमचा भुंगा ऐकला आन एका झटक्यात उभी!"

गाय खरोखरच उभी होती, चारी पाय ताठ, डोळे मोठे, मागच्या भिंतीला लागून. मी तिला महिन्यापूर्वीच लस टोचली होती. मी हात घातला. वासराचा एक पुढचा पाय मागे दुमडलेला होता. गाय खाली बसलेली असती तर तो सोडवायला जागाच मिळाली नसती. उभी राहिली की वासरू थोडं आत सरकतं, हाताला वाव मिळतो. मला तो मिळाला होता. फक्त बुळबुळीत औषधाची बाटली तळाला गेली होती.

"तेल आहे का घरात? गोडंतेल?"

मालकाची बायको किटली घेऊन आली. "औषिध संपलं व्हय?"

"हो."

"टायरला लावलं," मामांनी गोठ्याबाहेरून खुलासा केला.

तिनं किटली हातात तशीच धरून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. पण तेल ओतलं. पाय सरळ झाला, मालकानं आणि मी कळेबरोबर ओढलं, आणि वासरू बाहेर आलं. पाडी होती. काळीपांढरी. नाक पुसल्यावर शिंकली. आम्ही सगळे गवतावर बसलो. गाय वासराला चाटत होती, पण एक डोळा माझ्या पेटीवर ठेवून.

आता खरी पंचाईत सुरू झाली. त्या मालकानं वर-खाली सगळ्या वाड्यांना सांगितलं की मॅडमच्या टायरच्या आवाजानं बसलेली गाय उठते. मढकडून निरोप यायचे की आवाज न करता या. घाटघरकडून यायचे की आवाज करत या. एकानं तर फोनवर सांगितलं, "मॅडम, तुमाला वेळ नसंल तर नुसती गाडी गोठ्यावरनं न्या." मी त्याला समजावलं की गाय भीतीनं उठली, औषधानं नाही. तो म्हणाला, "उठल्याशी मतलब."

मामांनी या काळात कुणाचंच ऐकलं नाही. पण डांबरानं आपलं काम केलं. पावसाळा संपता संपता मागच्या टायरचे ठोकळे झिजून बुटके झाले, आवाज मंदावला, आणि मढकडच्या दुधाची तक्रार आपोआप थांबली. मागचा टायर पुन्हा बदलायची वेळ आली. या वेळी मामा म्हणाले, "मधला घे. पुढचा बी." मी त्यांच्याकडे बघत राहिले. "बटणाचा चांगलाच हाय," ते म्हणाले, "पर जनावराला तरास हुतोय." मग उठता उठता, "आन ती साधी ट्यूब पुन्ना घे. येक."

आता गाडी बिनआवाजाची आहे. मी गावात शिरते तेव्हा धारा निवांत चालू असतात. म्हशींना मी आले हे अंगणात पेटी उघडल्यावर कळतं, आणि मग त्या पळतात. तोवर दूध काढून झालेलं असतं, त्यामुळे कुणाची हरकत नाही.

मामांना मात्र नवीन उद्योग लागला. दुकानात त्यांनी टायर उजेडात धरायला लावलेला बऱ्याच जणांनी पाहिला असावा, कारण गावातले लोक ट्रॅक्टरचा टायर घ्यायला जाताना त्यांना सोबत नेतात. परवा असेच एकाबरोबर गेलेले ते आळेफाट्याहून दुपारी परत आले, हात काळे झालेले, आणि ओट्यावर बसून पाणी मागितलं.

"घेतला का मामा टायर?"

"न्हाई. त्याला उद्या परत बोलिवलंय."

"का?"

"घाईघाईत घेत व्हता," मामा म्हणाले. "आधी गड्याला म्हनलं, घरी जा, रान कसलं हाय त्ये नीट बघून ये."